दिवेलागणीनंतरची स्टेशनं

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात शेतीपंपाची थ्री-फेज लाईट कधी दिवसा असते, कधी रात्री. पाळी रात्रीची असली की माणूस रात्रभर मळ्यात. मोटारीशेजारच्या खोलीत खाट, भिंतीला टेकवलेली काठी, उशाशी बॅटरी आणि पुष्कळदा एक ट्रान्झिस्टर. डिसेंबरमध्ये खानदेशात सूर्य सहाच्या आत मावळतो. दुपारी चारला मीडियम वेव्हचा काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, तर ९६३ किलोहर्ट्झवर आकाशवाणी जळगाव खणखणीत लागायचं, एखादं शेजारचं केंद्र मिणमिणायचं आणि बाकी सगळी खरखर. साडेसातला सेट तोच, खाट तीच. पण आता काटा केसभर सरकवला तरी नवा आवाज. इथे गुजराती बातम्या, तिथे तमिळ गाणं, पलीकडे उर्दू निवेदन. एकावर एक चढलेली दोन-तीन केंद्रं आणि त्यांच्या मधे बारीक शिट्टी.

मळ्यातल्या माणसाला यात नवल वाटत नसे. रात्री लांबचं लागतं, हे त्याला ठाऊकच होतं. पण का लागतं, किती लांबचं लागू शकतं आणि कुणाचं कधी लागेल हे आधी सांगता येतं का, या तीन प्रश्नांपाशी थांबणारे थोडे निघाले. त्यांच्यातूनच जगभर एक छंद उभा राहिला. त्याला रेडिओवाले ‘डीएक्सिंग’ म्हणतात; तारायंत्राच्या काळात ‘डिस्टन्स’, म्हणजे ‘अंतर’, या इंग्रजी शब्दाचं जे आखूड रूप झालं, ते म्हणजे डीएक्स. हा छंद कुठल्याही लहरींवर करता येतो. मात्र रात्र आणि दिवस यांतला फरक सर्वांत ठळक दिसतो तो कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरींवर. ३०० ते ३००० किलोहर्ट्झ हा मध्यम पट्टा आणि ३० ते ३०० हा त्याखालचा. हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, या प्रदेशात कमी पॉवरवर आणि मोठ्या चिकाटीने काम करतात. आकाशवाणीसारख्या संस्था याच प्रदेशात शेकडो किलोवॉट ओततात. आकाश मात्र दोघांचं एकच.

रात्रीचा हा फरक सर्वांत आधी टिपला तो मार्कोनीने, तोही जहाजावर. फेब्रुवारी १९०२ मध्ये ‘फिलाडेल्फिया’ या जहाजातून अटलांटिक ओलांडताना तो इंग्लंडच्या किनाऱ्यावरून येणारे संदेश नोंदत होता. दिवसा सुमारे ७०० मैलांनंतर संदेश विरले. रात्री मात्र १५०० मैलांवरही पुरे संदेश उतरत होते आणि २००० मैलांपलीकडेही खुणेचं अक्षर ऐकू येत होतं. त्याच वर्षी अमेरिकेत केनेली आणि इंग्लंडमध्ये हेविसाइड या दोघांनी स्वतंत्रपणे तर्क मांडला, की वर कुठेतरी वीज वाहून नेणारा थर असावा आणि लहरी त्यावरून परतत असाव्यात. तर्काचा पुरावा यायला बावीस वर्षं गेली. डिसेंबर १९२४ मध्ये ॲपलटनने बीबीसीचं बोर्नमथ केंद्र, त्याचं रोजचं प्रसारण संपल्यावर, या कामासाठी वापरलं आणि थराची उंची मोजून दाखवली. त्यासाठी त्याला १९४७ चं नोबेल मिळालं. भारतात या आकाशाचा कसून अभ्यास कलकत्त्याला शिशिरकुमार मित्र यांनी केला. त्यांचा ‘द अपर ॲटमॉस्फिअर’ हा ग्रंथ १९४७ चाच, आणि पुढे जगभरचे अभ्यासक तो हाताशी ठेवत.

थर एक नाही, तीन. सर्वांत खालचा ‘डी’, साधारण ६० ते ९० किलोमीटरवर. त्यावर ‘ई’, शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. त्याहून वर ‘एफ’, तो पार तीन-चारशे किलोमीटरपर्यंत. सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण हवेच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटे करतात, त्यातून हे थर होतात. रेडिओची लहर आली की हे सुटे इलेक्ट्रॉन तिच्या तालावर डोलतात आणि घेतलेली ऊर्जा पुन्हा लहरीला देतात. वरच्या विरळ हवेत हा व्यवहार चोख होतो. डी थरात मात्र हवा दाट. डोलणारा इलेक्ट्रॉन शेजारच्या रेणूला धडकतो आणि लहरीची ऊर्जा उष्णतेत जिरते. फ्रिक्वेन्सी जितकी कमी, तितकं हे जिरणं जास्त. म्हणून दिवसा मीडियम वेव्हची लहर वर गेली तरी डी थरातच संपते. ऐकू येतं ते फक्त जमिनीलगत सरपटत आलेल्या लहरीचं.

सूर्य मावळला की डी थरातले इलेक्ट्रॉन थोड्याच वेळात पुन्हा रेणूंना चिकटतात. दाट हवेत जोडीदार पटकन भेटतो. वरच्या थरांत हवा विरळ असल्यामुळे ते रात्रभर सुटेच राहतात. खालचा अडसर गेला आणि वरचा आरसा शिल्लक राहिला. रात्रीच्या रेडिओचं सगळं रहस्य एवढंच आहे.

नकाशावर हे मांडलं की गंमत कळते. मुंबई ते जळगाव सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर. एका उडीत येणारी लहर वाटेच्या मध्यावर, आकाशात वळते. हा मध्य येतो निफाड-लासलगावच्या आसपास. म्हणजे मुंबईच्या १०४४ किलोहर्ट्झवरच्या केंद्राचा आवाज रात्री जळगावात पोचतो तो लासलगावच्या कांदा मार्केटच्या शंभरेक किलोमीटर वरून वळून. श्रीलंकेतल्या पुत्तलमला ८८२ किलोहर्ट्झवर ४०० किलोवॉटचं केंद्र आहे. ते जळगावपासून सुमारे १५०० किलोमीटर, आणि त्याची उडी आंध्रातल्या अनंतपूरच्या वर. ओमानच्या किनाऱ्यावरून बीबीसीने १४१३ किलोहर्ट्झवर प्रसारण केलं, आधी मासिरा बेटावरून आणि पुढे अल असीलाहून. ती लहर अरबी समुद्र ओलांडून जवळजवळ सरळ पश्चिमेकडून खानदेशात शिरते, सोळा-सतराशे किलोमीटर कापून.

अंधार पूर्वेकडून येतो, ही गोष्ट ऐकणाऱ्याच्या फार उपयोगाची. एका रेखांशाला चार मिनिटं. जळगावच्या आधी नागपूरला साधारण चौदा मिनिटं सूर्य मावळलेला असतो, कोलकात्याला सुमारे पन्नास मिनिटं. ओमानमध्ये तो जळगावच्या तासाभरानंतर मावळतो. त्यामुळे संध्याकाळी काट्यावर आधी पूर्वेची केंद्रं वर येतात आणि पश्चिमेची नंतर. वही घेऊन बसणारा दोन-चार संध्याकाळीत हा क्रम ओळखू लागतो. मग साडेसहाला कुठे थांबायचं आणि आठला कुठे, हे त्याला विचारावं लागत नाही.

जळगाव केंद्र ऐकताना धुळ्याची स्थिती जरा वेगळी. जळगावपासून ते सरळ रेषेत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. तापीच्या खोऱ्यातली काळी माती ओलावा धरून असल्याने जमिनीलगतच्या लहरीला मुरमाड डोंगराळ जमिनीपेक्षा बरी साथ देते. पण धुळ्याच्या पश्चिमेला, साक्रीकडे सरकावं तशी ही लहर क्षीण होत जाते, आणि रात्री तिच्या जोडीला आकाशातून वळून आलेली लहरही असते. दोघींचं पाऊल जुळलं की आवाज फुगतो, चुकलं की बुडतो. कीर्तनात बुवांचा आवाज मधेच विहिरीतून आल्यासारखा होतो, तो या दोन लहरींच्या भांडणामुळे. धुळ्याचं स्वतःचं आकाशवाणी केंद्र एफएमवर आहे. त्याच्या लहरी या थरांवरून सहसा परतत नाहीत, म्हणून त्याला ना ही अडचण, ना ही गंमत.

रात्रीच्या या आरशावर विसंबून एक अख्खी वाहिनी महाराष्ट्रातून चालली. १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, नागपूरच्या १००० किलोवॉटच्या ट्रान्समीटरवरून, १५६६ किलोहर्ट्झवर. नागपूर देशाच्या मध्यावर. वाहिनीची वेळही साधी नव्हती: संध्याकाळी सातच्या सुमारास सुरू आणि पहाटे सहाच्या सुमारास बंद. दिवसा देशभर पोचणं शक्यच नव्हतं, म्हणून ती जन्मालाच रात्रपाळी घेऊन आली. ट्रकवाले, पहारेकरी, मळ्यातले पाणी धरणारे हे तिचे हक्काचे श्रोते. २०१९ च्या सुरुवातीला ती बंद झाली. त्याआधीच्या पिढीला रात्रीचा रेडिओ म्हटलं की रेडिओ सिलोन आणि अमीन सयानी आठवतात. पण ती कथा लघुलहरींची, आणि तिथली गणितं निराळी.

हॅमकडे नागपूरसारखा मेगावॉट नसतो. त्याच्याकडे परवाना असतो, संकेतनाम असतं आणि गच्चीवर तार असते. भारतात दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगची परीक्षा दिल्यावर ‘व्हीयू’ने सुरू होणारं संकेतनाम मिळतं. १६० मीटरचा ‘टॉप बँड’, भारतात १८२० ते १८६० किलोहर्ट्झ, हा मीडियम वेव्हच्या काट्याच्या अगदी शेजारचा. त्याहून खाली जागतिक रेडिओ परिषदेने २००७ साली १३५.७ ते १३७.८ आणि २०१२ साली ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ या दोन चिंचोळ्या पट्ट्या हौशींना दिल्या. प्रत्येक देश त्या आपल्या नियमांत बसवतो. पॉवरची मर्यादा साधारण एक वॉट, तीही अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी. देवघरातला झिरोचा बल्बसुद्धा यापेक्षा जास्त वीज खातो. आणि एवढा एक वॉट बाहेर काढणंच अवघड: १३७ किलोहर्ट्झची लहर जवळजवळ २२०० मीटर लांब, तिची अर्धी तार उभारायची तर किलोमीटरभर.

ऐकायला मात्र एवढी शिकस्त लागत नाही, हे १९२१ मध्येच सिद्ध झालं. अमेरिकेने १९१२ च्या कायद्याने हौशींना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर ढकललं होतं. त्या लहरी लांब पल्ल्याच्या कामाच्या नाहीत, असा तेव्हा समज. डिसेंबर १९२१ मध्ये तिथल्या हौशी संघटनेने पॉल गॉडली या तरबेज माणसाला स्कॉटलंडमधल्या आर्ड्रॉसनला पाठवलं. समुद्राकाठच्या ओल्या शेतात तंबू, तंबूत कंदील आणि रिसीव्हर, बाहेर जमिनीपासून थोड्याच उंचीवर ताणलेली सुमारे ४०० मीटरची तार. त्या तारेवर त्याने रात्री अमेरिकेतली तीसहून जास्त हौशी केंद्रं ऐकली. अशी लांब, बुटकी तार हॅरॉल्ड बेव्हरेजच्या नावाने ओळखली जाते. ती ज्या दिशेला ताणावी त्या दिशेचं ऐकते आणि बाजूचा गोंगाट सोडून देते. शहरात ती कुणाला परवडत नाही. खानदेशात मात्र एका एकराची बाजू ६४ मीटर धरली, तर सहा एकर सलग बांध म्हणजे जवळजवळ तेवढीच तार. फक्त अकरा हजारच्या लाइनपासून ती लांब हवी, आणि वळवाचं आभाळ भरून आलं की सेटपासून सोडवून ठेवायला हवी.

तार नको असेल त्याने लाकडी चौकट करावी. मीटरभर बाजूच्या चौकोनावर एनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे सात-आठ वेढे आणि जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर, एवढ्यावर मीडियम वेव्हचा बहुतेक पट्टा ट्यून होतो. तार शोधायला मुंबईला जावं लागत नाही. तालुक्याच्या प्रत्येक गावी मोटार रिवाइंडिंगचं दुकान असतं, तिथे ती किलोवर मिळते. चौकट ट्रान्झिस्टरशेजारी उभी केली, गँग हळू फिरवला, की मघाशी कुजबुजणारं केंद्र एकदम खोलीत येऊन बसतं. दोघांना जोडणारी तारसुद्धा लागत नाही. आणि काहीच करायचं नसेल, तर निदान सेट फिरवून पाहावा. आत फेराइटची कांडी असते. कांडीचं टोक ज्या दिशेला, त्या दिशेचा आवाज सर्वांत क्षीण. घरोघरी ‘जरा खिडकीकडे फिरव’ म्हणून सांगणाऱ्या आजोबांना कांडी माहीत नसेल, तिचा गुण पक्का माहीत होता.

या पुढची झेप आली ती एका खगोलशास्त्रज्ञाकडून. जोसेफ टेलर हे पल्सारवरच्या कामासाठी १९९३ चं नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ, आणि लहानपणापासूनचे हॅम. आकाशातल्या अतिक्षीण ठोक्यांना गोंगाटातून वेगळं काढण्याची सवय त्यांनी हौशी रेडिओत आणली आणि २००८ मध्ये ‘विस्पर’ नावाची पद्धत खुली केली. तिच्यात पाठवायचं असतं फार थोडं: संकेतनाम, जगाच्या नकाशावरचा चौकोन आणि पॉवर. एवढ्यासाठी जवळजवळ दोन मिनिटं आणि फक्त सहा हर्ट्झची जागा. कानाला जिथे निव्वळ खरखर ऐकू येते, तिथे संगणक तिच्यातून ही तीन अक्षरी-आकडी माहिती बाहेर काढतो. या नकाशात धुळे येतं एमएल-७० या चौकोनात आणि जळगाव एमएल-७१ मध्ये. २१ अंशांची रेषा जळगावला चाटूनच जाते, त्यामुळे शहराच्या दक्षिणेकडचं घर ७० मध्ये पडू शकतं.

पल्सारचा विषय निघाला की मराठी वाचकाला नारायणगावजवळचं खोडद आठवेल. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण तिथे उभी आहे, आणि ती जागा निवडताना गोविंद स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलेल्या गोष्टींत एक महत्त्वाची होती: माणसांनी निर्माण केलेला रेडिओ-गोंगाट तिथे कमी होता.

नेमका हाच मुद्दा आज रात्रीच्या ऐकण्याचा गाभा आहे. पन्नास वर्षांपूर्वी ऐकणाऱ्याचं भांडण अंतराशी होतं आणि विजांच्या कडकडाटाशी. आकाशातली व्यवस्था त्यानंतर तसूभर बदललेली नाही. डी थर तेव्हा मावळायचा तसाच आजही मावळतो. बदललं ते घर. एलईडी बल्बमधला छोटा सर्किट-तुकडा, मोबाइलचा चार्जर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर, ही सगळी यंत्रं वीज सतत तोडत-जोडत असतात आणि त्या तोडण्याचा गुणगुणाट नेमका लाँग आणि मीडियम वेव्हवर सांडतो. पंधराशे किलोमीटरवरचं पुत्तलम यायला तयार असतं; ते अडतं उंबऱ्यात, दहा फुटांवरच्या चार्जरपाशी. म्हणून भारनियमनाच्या दिवसांत खेड्यापाड्यांत एक विचित्र अनुभव यायचा. लाईट गेली, पंखा थांबला, आळी शिव्या देत ओट्यावर आली, आणि सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर त्याच क्षणी निर्मळ झाला.

आकाशाचेही ऋतू असतात. एप्रिल ते जून वळवाच्या विजा आणि पुढे पावसाळ्यातल्या, यांची खरखर कमी फ्रिक्वेन्सीवर सर्वांत जास्त. दिवाळी ते होळी हा खानदेशातला खरा हंगाम: रात्री मोठ्या, आभाळ कोरडं, विजा दूर दक्षिणेकडे गेलेल्या. सूर्यावरच्या डागांचं अकरा वर्षांचं चक्रही मधे येतं. लघुलहरीवाले डाग वाढायची वाट पाहतात, तर खालच्या पट्टीवाल्यांना शांत सूर्य हवा असतो.

नव्या माणसाला लागणारी तयारी म्हणजे सेलवर चालणारा सेट, घड्याळ आणि वही. एक खूण पहिल्याच दिवशी कामाला येते. आशिया, युरोप आणि आफ्रिका खंडांत मीडियम वेव्हची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेली आहेत, म्हणून प्रत्येक केंद्राचा आकडा ९ ने भागला जातो. ९६३ च्या आकड्यांची बेरीज १८, १०४४ ची ९, १५६६ ची १८. बेरीज नवाच्या पाढ्यात बसली नाही तर आकडा वाचण्यात चूक झाली, असं समजावं. पूर्वी निवेदक आधी मीटर सांगत आणि मग किलोहर्ट्झ. ३,००,००० ला किलोहर्ट्झने भागलं की मीटर निघतात. जळगावचे ३११.५.

ऐकलेलं केंद्र ओळखून त्याला पत्र लिहायची जुनी रीत आहे. आवाजाची ताकद, शेजाऱ्याचा त्रास, खरखर, चढउतार आणि एकूण दर्जा या पाच गोष्टींना एक ते पाच गुण द्यायचे, कार्यक्रमाचा तपशील लिहायचा, आणि नोंद खरी निघाली की केंद्राकडून क्यूएसएल कार्ड येतं. आकाशवाणीही अशी कार्डं पाठवत आली आहे. वेळ लिहिताना भारतीय वेळ आणि साडेपाच तास मागची जागतिक वेळ, दोन्ही लिहावी लागते. इथे रात्रीचे साडेआठ म्हणजे तिकडे दुपारचे तीन.

वहीत त्यामुळे रकाने होतात तारीख, दोन वेळा, आकडा, केंद्र, भाषा आणि गुण. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखून ठेवावा: त्या वेळी घरात काय काय चालू होतं. फ्रिज, राउटर, चार्जर, शेजारचा इन्व्हर्टर. महिनाभराने पानं उलटताना कोणती रात्र आकाशामुळे वाया गेली आणि कोणती चार्जरमुळे, हे त्याच रकान्यात सापडतं.